चौदा चालींची बरोबरी: बर्लिन बचावाच्या नोंदी

४ जानेवारी, रात्र

बुद्धिबळ स्पर्धेची शेवटची फेरी. माझ्याकडे काळी मोहरी, समोर माझ्यापेक्षा बरेच वरचे गुण असलेले एक गृहस्थ. त्यांना बक्षिसात यायला अर्धा गुण पुरत होता, हे मला नंतर कळलं. दोन महिने मी बर्लिन बचावाची, म्हणजे काळ्यानं डावाची सुरुवात करायच्या एका पद्धतीची, तयारी करत होते. तिसऱ्या चालीला त्यांनी उंट बी५ वर आणला, मी घोडा एफ६ वर ठेवला आणि मनातून खूश झाले. चार तासांची बसायची तयारी होती. डाव अकरा मिनिटांत संपला.

बरोबरी. चौदा चाली. तीस चालींच्या आत आपसांत बरोबरी ठरवायची नाही असा या स्पर्धेचा नियम होता, पण पटावर तीनदा तीच स्थिती आली तर बरोबरी मागता येते, त्याला हा नियम आड येत नाही.

शेवटी माझ्याकडून एक चूक झाली. चौदावी चाल खेळून मी घड्याळ दाबलं आणि हात वर केला. पंच आले.

"मागणी कोणाची?"

"माझी."

"पण तुमची चाल तर झाली. आता मागणी करायचा हक्क समोरच्यांचा."

समोरच्यांनी लगेच मागणी केली, पंचांनी स्कोअरशीटवरून, म्हणजे चाली लिहिलेल्या कागदावरून, स्थिती तपासली आणि सह्या झाल्या. जाताना पंच हळू आवाजात म्हणाले, "पुढच्या वेळी चाल आधी लिहा, खेळू नका, घड्याळ थांबवून मला बोलवा." त्यांचा सूर समजावणीचा होता. मला मात्र घरी येईपर्यंत तेच ऐकू येत होतं.

हरल्याचं दुःख वेगळं असतं, ते पटावर दाखवता येतं. आज पटावर मी काहीच चुकले नाही आणि काहीच खेळलेही नाही. ही बरोबरी नेमकी कुठल्या चालीला ठरली, हे शोधून काढायचं. उद्यापासून वही.

५ जानेवारी

वहीतली पद्धत ठरवली. रकाने ए ते एच, ओळी १ ते ८. रा म्हणजे राजा, व वजीर, ह हत्ती, उ उंट, घ घोडा, घबी म्हणजे बी रकान्यातला घोडा. प्याद्याला अक्षर नाही. ०-० म्हणजे राजाच्या बाजूचा किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं), ०-०-० वजिराच्या बाजूचा. गुणिले म्हणजे मारणं, अधिक म्हणजे शह. आकड्यापुढे तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल, !! म्हणजे फार भारी चाल, ?? म्हणजे घोडचूक. आन पासां म्हणजे दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्यानं ते एकच घर आल्यासारखं लगेच मारणं.

डाव असा:

१. ई४ ई५ २. घ-एफ३ घ-सी६ ३. उ-बी५ घ-एफ६ ४. ०-० घ×ई४ ५. डी४ घ-डी६ ६. डी×ई५ घ×बी५ ७. ए४ घबी-डी४ ८. घ×डी४ घ×डी४ ९. व×डी४ डी५ १०. ई×डी६ (आन पासां) व×डी६ ११. व-ई४+ व-ई६ १२. व-डी४ व-डी६ १३. व-ई४+ व-ई६ १४. व-डी४ व-डी६. बरोबरी.

माझी सगळी तयारी सहाव्या चालीला ६. उ×सी६ येईल असं धरून होती. तिथून वजीर कटतात, काळ्याचा राजा डी८ वर येतो आणि ज्याला सगळे बर्लिनचं एंडगेम (वजिरांशिवायचा डावाचा शेवटचा टप्पा) म्हणतात ते सुरू होतं. त्यांनी उंट घोड्याला दिलाच नाही. ई५ चं प्यादं मारलं आणि उंट मला घेऊ दिला, कारण ए४ खेळून तो घोडा परत मिळणारच होता.

नियम असा ठेवला आहे: पहिला आठवडा इंजिन बंद. आधी माझं डोकं, मग पट, आणि सगळ्यात शेवटी संगणक.

७ जानेवारी

आज प्रवासात पट नसताना, नुसतं स्कोअरशीट समोर ठेवून विचार केला. पहिला प्रश्न: बाराव्या चालीनंतर काळा वजीर डी६ वर परत गेलाच नाही तर? समजा १२... उ-डी७ खेळला. काळ्याला वजिराच्या बाजूला किल्लेकोट करायचा आहे.

वहीत लिहिलं: "१३. ह-ई१!! वजीर ई६ वर, राजा ई८ वर, दोघं एकाच रकान्यात. वजीर गेला. म्हणून काळ्याला परत जावंच लागतं. बरोबरीचं कारण सापडलं." खाली दोन रेघा मारल्या.

८ जानेवारी

पट मांडला आणि कालची चाल हातानं खेळून पाहिली. हत्ती ई१ वर ठेवला. समोरून काळा वजीर ई६ वरून सरळ खाली आला, हत्ती मारला, आणि मात.

वजिराच्या शहातून राजाला सुटायला जागाच नाही. एफ२, जी२, एच२ वर स्वतःचीच प्यादी. डी४ वरचा वजीर ना ई१ पर्यंत पोचतो ना एफ१ मध्ये आडवा येतो. आणि ए१ वरचा हत्ती? तो झोपलेलाच आहे. बी१ चा घोडा आणि सी१ चा उंट अजून जागचे हललेले नाहीत, त्यामुळे ई१ वरच्या हत्तीला पाठीमागून आधारच नाही.

मी बराच वेळ त्या पटाकडे बघत बसले. चौदा चालींत पांढऱ्यानं त्या बाजूचं एकही मोहरं बाहेर काढलेलं नाही. वजीर, एक हत्ती आणि प्यादी, एवढ्यावर डाव चाललाय. दोघांचीही अर्धी फौज घरात आहे, म्हणून ही स्थिती दिसते तितकी साधी नाही. कालच्या दोन रेघांवर फुली मारली, पण पान फाडलं नाही. चुकीचं विश्लेषण वहीत राहिलं पाहिजे, कारण तोच हत्ती मी उद्या डावात खेळू शकते.

मग १२... उ-डी७ ला खरं उत्तर काय? बराच वेळ लागला. १३. घ-सी३ ०-०-० १४. व×ए७. प्यादं गेलं, शिवाय ए८ वर मात करायची धमकी. सी८ च्या राजाभोवती त्याचीच मोहरी उभी आहेत: डी८ वर हत्ती, डी७ वर उंट, बी७ आणि सी७ वर प्यादी. म्हणजे काळ्यानं वजीर परत नेला तो ई१ च्या हत्तीला घाबरून नाही, डी४ वरच्या वजिराची नजर ए७ आणि जी७ दोन्हीकडे आहे म्हणून. १२... उ-ई७ खेळलं तर एफ८ चा उंट हलतो आणि लगेच १३. व×जी७.

११ जानेवारी

अकराव्या चालीवर दोन संध्याकाळी गेल्या. व-ई४ चा शह आल्यावर काळ्याकडे काय काय आहे?

११... उ-ई६ म्हटलं तर १२. व×बी७, प्यादं सरळ गेलं. ११... रा-डी८ म्हटलं तर किल्लेकोटाचा हक्क गेला. (इथेही एक गंमत आहे: १२. ह-डी१?? व×डी१+ १३. व-ई१ व×ई१ मात. तीच पहिली ओळ, तोच झोपलेला हत्ती.) ११... उ-ई७ खेळता येतं, पण १२. उ-एफ४ ला उंट फुकटात बाहेर येतो, वजिरावर हल्ला होतो आणि सी७ च्या प्याद्यावर त्याची नजर बसते. वजीर हलवायचा आणि सी७ पण सांभाळायचं. खेळता येईल, पण काळ्यानं स्वतःहून त्यात शिरावं असं काही दिसत नाही.

आता पांढऱ्याकडून बघू. ११... व-ई६ नंतर १२. व×ई६+ उ×ई६ झालं तर? वजीर गेले, प्यादी सारखी, आणि काळ्याकडे दोन उंट. पांढऱ्याकडे उंट आणि घोडा. मोकळा पट, दोन्ही बाजूंना प्यादी: ही स्थिती मला काळ्याकडून कधीही चालेल. ११. व×डी६ उ×डी६ केलं तरी हिशोब तोच. पांढऱ्याला वजीर ठेवूनच लढायचं असेल तर ११. व-ई३+ आहे, त्यात खेळ शिल्लक राहतो.

म्हणजे या बरोबरीची जात अशी: दोघांनाही बाहेर पडायचं दार आहे, पण जो आधी बाहेर पडेल त्याला थोडंतरी भाडं भरावं लागतं. पांढऱ्यानं भरायचं भाडं म्हणजे काळ्याच्या दोन उंटांशी खेळणं. काळ्यानं भरायचं म्हणजे एखादं प्यादं किंवा वेळ. समोरच्या गृहस्थांना अर्धा गुण हवा होता, त्यांनी भाडं भरलं नाही. मीही नाही.

१२ जानेवारी

इंजिन उघडलं. पुनरावृत्तीच्या रेषेवर शून्य पूर्णांक शून्य शून्य, म्हणजे दोघंही सारखे. पांढऱ्यानं वजीर कापले तरी जवळपास तेच. माझ्या दोन उंटांच्या आनंदाला संगणकाच्या लेखी फारशी किंमत नाही. माझ्या लेखी आहे. संगणकाला दोन उंट घेऊन पन्नास चाली वाट बघायचा कंटाळा नसतो आणि चुकायची भीतीही नसते. समोर माणूस असेल तर हिशोब वेगळा.

१५ जानेवारी

आज फक्त नियम. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, नियमावलीतलं नववं कलम शांतपणे वाचलं. त्या दिवशीची चूक कागदावर स्पष्ट झाली.

तीनदा तीच स्थिती आली तर बरोबरी आपोआप होत नाही, ती मागावी लागते, आणि मागायचा हक्क ज्याची चाल आहे त्याचाच. माझ्या चालीनं स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल तर मी ती चाल स्कोअरशीटवर लिहायची आणि पंचांना सांगायचं. पटावर हात लावायचा नाही. एरवी चाल आधी लिहिणं नियमाविरुद्ध आहे, बरोबरीच्या मागणीसाठीच ती मोकळीक आहे. मी मोहऱ्याला हात लावला की त्या चालीपुरता माझा हक्क संपला. आपोआप बरोबरी होते ती पाचव्यांदा, आणि ती तरतूद २०१४ पासूनची.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. "तीच स्थिती" म्हणजे काय? मोहरी त्याच घरांवर, चाल त्याच खेळाडूची, आणि किल्लेकोटाचे व आन पासांचे हक्कही तेच. आमच्या डावात पहिल्यांदा ती स्थिती आली दहाव्या चालीनंतर, वजिरानं डी६ वर प्यादं मारलं तेव्हा. मी पटावर मोजताना ती धरलीच नव्हती, बाराव्या चालीपासून मोजत होते. माझ्या हिशोबानं अजून एक फेरा बाकी होता. समोरच्यांचा चेहरा बघून हात वर केला, खरं सांगायचं तर.

आणि ११... रा-डी८ खेळून राजा नंतर ई८ वर परत आणला असता तरी ती जुनी स्थिती धरली गेली नसती, कारण काळ्याचा किल्लेकोटाचा हक्क मधे गेलेला असता. मोहरी तीच, घरं तीच, तरी स्थिती वेगळी. हे मला फार आवडलं. पटावर दिसत नाही असाही स्थितीचा एक भाग असतो.

१९ जानेवारी

हा बचाव मी घेतला कशामुळे, ते लिहून ठेवते. २००० साली लंडनमध्ये गॅरी कास्पारोव्ह आणि व्लादिमिर क्रॅमनिक यांची विश्वविजेतेपदाची लढत झाली. कास्पारोव्ह १९८५ पासून विश्वविजेता. सोळा डावांची लढत पंधरा डावांत संपली: क्रॅमनिक साडेआठ, कास्पारोव्ह साडेसहा. क्रॅमनिकनं दोन डाव जिंकले, तेरा बरोबरीत सोडवले आणि एकही हरला नाही. गादीवरचा विजेता एकही डाव न जिंकता हरला, असं त्याआधी १९२१ मध्ये लास्कर आणि कापाब्लांका यांच्या लढतीत झालं होतं.

बर्लिन तिथे चार वेळा आला: पहिला, तिसरा, नववा आणि तेरावा डाव. चारही बरोबरीत. कास्पारोव्हसारखा आक्रमक खेळाडू पांढऱ्या मोहऱ्यांनी चार वेळा त्या भिंतीवर धडकला. लोक तेव्हापासून याला बर्लिनची भिंत म्हणतात.

२५ जानेवारी

त्या लढतीचा पहिला डाव सहा दिवस पटावर होता. रोज चार-पाच चाली, त्याहून जास्त नाही. हा डाव पंचवीस चालींत बरोबरीत सुटला, पण माझ्या चौदा चालींच्या बरोबरीशी त्याचं काही नातं नाही.

८. व×डी८+ रा×डी८ नंतर ९. घ-सी३ उ-डी७ १०. बी३ एच६ ११. उ-बी२ रा-सी८. क्रॅमनिकचा राजा चालतच सी८ वर जातो, विसाव्या चालीला बी७ वर, आणि तेविसाव्या चालीला परत सी८ वर. किल्लेकोट नाही, घाई नाही. एच८ चा हत्ती दुसऱ्या हत्तीशी जुळायची वाट बघत नाही: एच प्यादं एच५, मग एच४, आणि हत्ती जागेवरूनच एच५ वर. हत्ती असा बाहेर काढता येतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

सगळ्यात जास्त वेळ मी घोड्यावर घालवला. सातव्या चालीला तो एफ५ वर येतो. तेराव्या चालीला तिथून ई७, चौदाव्याला जी६. मग दहा चाली तो तिथेच उभा. कास्पारोव्ह २४. एफ४ खेळतो, प्यादं पुढे येतं, आणि घोडा परत फिरतो: ई७, आणि पंचविसाव्या चालीला पुन्हा एफ५. बरोबरी मान्य झाली ती त्याच चालीवर. घोडा जिथून निघाला होता तिथेच येऊन उभा राहिला. पण मधल्या अठरा चालींत पांढऱ्याची प्यादी पुढे आली होती, आणि प्यादी मागे जात नाहीत.

हे वाक्य लिहून मी पट तसाच ठेवला. सकाळी उठून परत बघितला. एफ५ हे पांढऱ्या रंगाचं घर. पांढऱ्यानं सहाव्या चालीला जो उंट दिला तो याच रंगाच्या घरांचा. घोड्याला तिथून हुसकायला आता प्यादंच हवं, आणि प्यादं पुढे गेलं की त्याच्या मागे भोकं राहतात.

३१ जानेवारी

सरांना फोन केला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, तू फक्त बरोबरीच बघतेस. बर्लिन हरलेला डावही बघ."

म्हणून सोची, २३ नोव्हेंबर २०१४, विश्वविजेतेपदाची लढत, कार्लसन विरुद्ध आनंद, अकरावा डाव. तो डाव संपला तेव्हा मला वाईट वाटलं होतं, ते अजून आठवतं. आनंदला काळी मोहरी, कार्लसन एका गुणानं पुढे. बर्लिनचंच एंडगेम. तेविसाव्या चालीला आनंद बी५ खेळतो आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच काळा स्वतः दार उघडताना दिसतो. अडलेली प्यादी मोकळी होतात, हत्तींना वाट मिळते. मग २७... ह-बी४. हत्ती देऊन उंट घ्यायचा. २८. उ×बी४ सी×बी४. प्यादी जुळून पुढे येतील हा हिशोब, पण कार्लसनचा राजा तोवर ई४ वर पटाच्या मध्यात येऊन बसलेला. पंचेचाळीस चालींत डाव गेला, लढत साडेसहा–साडेचार अशी संपली.

दोन्ही डाव शेजारी ठेवले. क्रॅमनिकनं भिंत उभी करून वाट पाहिली. आनंदला वाट पाहून चालणारच नव्हतं, तो मागे होता. तीच ओपनिंग, पण गुणतक्ता वेगळा. आनंदचा बी५ मला त्या संपूर्ण डावातली सगळ्यात सुंदर चाल वाटते, आणि त्यानंतर चार चालींनी आलेल्या हत्तीमुळे ती झाकली जाऊ नये असं मनापासून वाटतं.

६ फेब्रुवारी

मैत्रिणीबरोबर प्रयोग. बर्लिनच्या आठव्या चालीनंतरच्या स्थितीतून राजा आणि प्यादी सोडून सगळी मोहरी काढून टाकली. पांढरी प्यादी ए२, बी२, सी२, ई५, एफ२, जी२, एच२. काळी ए७, बी७, सी७, सी६, एफ७, जी७, एच७. सात-सात.

सहा वेळा खेळलो, बाजू बदलून. सहाही वेळा पांढरा जिंकला. राजाच्या बाजूला पांढऱ्याची चार विरुद्ध तीन, त्यातून मोकळं प्यादं निघतं. वजिराच्या बाजूला काळ्याचीही चार विरुद्ध तीन आहेत, पण सी रकान्यात दोन एकामागे एक, त्यामुळे ए२, बी२, सी२ ही तिघं त्या चौघांना अडवून धरतात. मैत्रीण म्हणाली, "म्हणजे तू पहिल्यापासून हरलेली स्थिती घेऊन बसतेस." हो, मोहरी सगळी गेली तर. म्हणून काळ्याला उंटांची जोडी जपावी लागते आणि कोणतं मोहरं कशाला द्यायचं हे दर वेळी तपासावं लागतं. हा प्रयोग मी दोन महिन्यांपूर्वी करायला हवा होता.

११ फेब्रुवारी

सातव्या चालीला काळ्याकडे दुसरा रस्ता: ७... डी६. घोडा बी५ वरच राहू द्यायचा. ८. ई६ एफ×ई६ ९. ए×बी५ आणि सी६ च्या घोड्याला ई७ वर हलवायचं. काळ्याकडे एक प्यादं जास्त, पण उंट बाहेर यायला वेळ, आणि राजा मध्येच. इंजिनशी आठ डाव खेळले. मला ते जमत नाही. खेळता येण्यासारखं आहे, माझ्यासाठी नाही. ७... घ-डी४ वरच राहायचं ठरवलं. पुढच्यानं वजीर फिरवत ठेवला तर बरोबरी घेईन, वजीर कापले तर खेळेन.

१४ फेब्रुवारी

काही नाही. दोन उंट विरुद्ध उंट-घोडा, सराव.

२२ फेब्रुवारी, रात्र

आज आलं. चौथी फेरी, माझ्याकडे काळी, समोर पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा. अकरा चाली झटपट. ११. व-ई४+ व-ई६. मी स्कोअरशीटवर दहाव्या चालीशी छोटा टिंब काढून ठेवला होता, मोजणी चुकू नये म्हणून. तो वीस मिनिटं बसला. मग १२. व×ई६+ उ×ई६. भाडं त्यानं भरलं.

१३. उ-एफ४ ०-०-० १४. घ-सी३ ए६. पुढचे तीन तास माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले तीन तास होते, बुद्धिबळातले तरी. त्याचं ए प्यादं सातव्या चालीपासून पुढे आलेलं, ते ए५ वर गेलं. हत्ती कटल्यावर मी बी५ खेळले, त्यानं आन पासां मारलं, मी सी प्याद्यानं मारलं. एकाच डावात दोनदा आन पासां मी पहिल्यांदाच पाहिलं. चौतिसाव्या चालीला काळ्या घरांचे उंट कटले. मग बी४, सी३, मारामारी, आणि माझं ए प्यादं मोकळं. त्याचं सी प्यादंही मी उचललं. राजाच्या बाजूला माझं एकच प्यादं उरलं होतं, आणि त्यानं घोडा देऊन ते मारलं.

आता पटावर माझा राजा, उंट आणि ए प्यादं. समोर नुसता राजा. तो राजा ए१ कडे चालायला लागला आणि माझ्या पोटात गोळा आला. प्याद्याला वजीर व्हायचं ते घर ए१. ते काळं. माझ्याकडे उरलेला उंट पांढऱ्या घरांचा, म्हणजे त्या कोपऱ्यातून राजाला हुसकता येणार नाही.

तरी खेळले. शेवटची स्थिती: पांढरा राजा ए१, माझा राजा बी३, प्यादं ए३, उंट ई४. त्याची चाल. ए२ आणि बी२ माझ्या राजाच्या ताब्यात, बी१ उंटाच्या. शह नाही आणि खेळायला घरही नाही. स्टेलमेट. एकाहत्तर चाली, बरोबरी.

मुलानं हात पुढे केला. म्हणाला, "ताई, चौतिसाव्या चालीपर्यंत मला काहीच दिसत नव्हतं." मला तेव्हा कळलं नाही तो असं का म्हणाला.

२३ फेब्रुवारी

चौतिसावी चाल. माझे दोन उंट, त्याचा काळ्या घरांचा उंट आणि घोडा. त्याचा उंट माझ्या राजाला त्रास देत होता म्हणून मी उंटाला उंट कापला. "त्रासदायक मोहरं काढून टाकलं" असं स्कोअरशीटच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलंही आहे. तिथेच दुसरी चाल होती: पांढऱ्या घरांचा उंट त्याच्या घोड्याला देणं. मग माझ्याकडे काळ्या घरांचा उंट राहिला असता, ए१ च्या रंगाचा. तोही उंट देऊन प्यादं मारू शकला असता, पण मग त्याच्या राजाला कोपऱ्यात आसरा नव्हता. तिथून जिंकत होते असं मी म्हणणार नाही, त्याचा उंट माझी प्यादी अडवायला घोड्यापेक्षा चांगला होता. पण ए रकान्यातलं प्यादं मोकळं होणार हे त्या वेळी दिसत होतं, आणि मी कोपऱ्याचा रंग बघितला नाही. मुलानं बघितला होता.

४ जानेवारीच्या डावाला मी "काहीच खेळले नाही" असं लिहिलं होतं. तिथे माझ्याकडून ठरवण्यासारखं काही नव्हतं. इथे होतं, आणि ते एका उंटाच्या रंगावर होतं.

२४ फेब्रुवारी

संध्याकाळी मैत्रीण आली. शेवटची स्थिती मांडली, फक्त ई४ चा उंट उचलून जी७ च्या बाजूला काळ्या घरावर ठेवला, एफ८ ला. तिचा राजा ए१ वर, माझा बी३ वर, प्यादं ए३ वर. तिनं राजा बी१ वर नेला, मी उंट एच६ वर नेला, तिनं राजा परत ए१ वर आणला. मी उंट जी७ वर ठेवला. शह. राजा बी१. ए२, पुन्हा शह. राजा सी१. मी प्यादं ए१ वर सरकवलं आणि बाजूला ठेवलेला वजीर उचलला.